गार पाण्याची धार

कोरगाव मागे टाकून तेरेखोलच्या खाडीकडे उतरलं की दहा-बारा घरांचा एक वाडा लागतो. त्या वाड्यावर मोटारीची तब्येत बघायची एकच रीत आहे: ती मुतते कशी, ते बघायचं. होडीच्या मागे टांगलेली मोटार सुरू केली की तिच्या कुशीतल्या बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडते. धार पडली म्हणजे मोटारीच्या पायातला पंप खाडीचं पाणी वर ओढतोय, ते पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून त्याला थंड करतंय, आणि आता तंबाखू मळायला हरकत नाही. धार बारीक झाली की मोटार आजारी. बंद पडली की माणसाने वल्ही शोधायची. बाप्ये उघड 'मुतते' म्हणतात, बायका 'धार' म्हणतात, आणि दोघांचाही त्या धारेवर देवळातल्या कौलाइतका विश्वास.

शालिनीच्या बापाची, भिकाजीची, मोटार सगळ्या खाडीत नावाजलेली. निळा रंग उडून ती पांढुरकी झाली होती, इंजिनावरच्या टोपाला दोन ठिकाणी पॅच मारलेले होते, पण भिकाजी तिच्याविषयी बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, ही घरातली थोरली सून. खरी सून त्याला मिळायची नव्हती. मुलगा नव्हताच. एकटी शालिनी, ती डिचोलीकडच्या सर्वण गावात दिलेली. आता भिकाजीचे गुडघे गेले, होडीत पाय टाकवेना, आणि तिकडे जावई प्रवीण खाणीवरचा टिपर गेल्यापासून इथे चार महिने, तिथे सहा महिने असा भटकत होता. टिपर चालवायचाही आणि रस्त्यात बिघडला तर उघडून जोडायचाही, असा त्याचा हात. पण खाण बंद पडल्यावर त्या हाताला विचारतो कोण? शेवटी शालिनीनेच सुचवलं, माझ्या माहेरी चला, बाबांची होडी चालवा. प्रवीण महिनाभर 'नको' म्हणाला. मग आला. वाड्याने त्याला दोन दिवसांत नाव दिलं, सर्वणकार. त्यात 'घरजावई' हा शब्द न उच्चारताच बसवलेला होता.

नारळी पुनवेच्या आदल्या दुपारी भिकाजीने शालिनीला मांगरात, घरालगतच्या सामानाच्या खोपटात, बोलावलं. मोटार लाकडी घोडीवर टांगलेली, टोप काढून बाजूला ठेवलेला.

"हो पाइप धर. नीट धर गो, लक्ष खंय आसा तुझा?"

शालिनीने पाइप धरला. तिचं लहानपण ह्या मोटारीचे स्क्रू वाटीत गोळा करण्यात गेलेलं. कुठला पाइप कुठून कुठे जातो हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. इंजिनाच्या अंगातून फिरून वर येणाऱ्या पाण्याचं तोंड बापाने रबरी बूच ठोकून बंद केलं होतं. खाली, पंपाचं पाणी जिथे वर चढतं तिथेच, त्याने फाटा काढला होता आणि तो पाइप सरळ धारेच्या भोकाला नेऊन जोडत होता.

"बाबा, हो पाइप थंय नाय होतो."

"नाय होतो. आता आसा."

"पण मगे इंजिनाक पाणी..."

"पोटात मीठ बसला तिच्या. इतक्या वर्षांचा मीठ. पाणी वर चढणा नाय. आणि धार नाय पडली तर उद्या सगळो वाडो काय म्हणतलो? भिकाजीन जावयाक मेलेली मोटार दिली!"

"तापतली ना पण?"

"सावकास चलवली तर तापाची नाय. खाडयेत काय शर्यत आसा?" त्याने क्लिप आवळली, बोटाला लागलेलं ग्रीस लुंगीला पुसलं आणि लेकीकडे न बघताच म्हणाला, "आणि तू तोंड उघडलंस तर बाप मेलो म्हण."

हे वाक्य शालिनीला नवं नव्हतं. म्हापशाच्या कॉलेजात जायचं म्हटलं तेव्हाही बाप मेला होता, मैत्रिणीच्या लग्नाला पणजीत राहायचं म्हटलं तेव्हाही. इतक्या वेळा मेलेला बाप असा समोर बसून क्लिप आवळतो तेव्हा हसू यायला हवं. पण तिला कधी हसू आलं नाही. प्रत्येक वेळी ती घाबरली, ह्याही वेळी घाबरली.

पुनवेला मोटारीला हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अंगणात पाण्याने भरलेलं पिंप, त्यात मोटारीचा पाय बुडवलेला. सगळा वाडा जमला होता. भिकाजीने दोरी प्रवीणच्या हातात दिली, तिसऱ्या ओढीला मोटार धरली, आणि धार अशी सुटली की पिंपाचा काठ ओलांडून समोर उभ्या गुरुदासची पँट गुडघ्याखाली भिजली.

"आगे बाय माझे!" गुरुदास उडी मारून ओरडला. "मोटार काय म्हस रे ही!"

बाप्यांनी शिट्ट्या मारल्या. गुरुदासची होडी खाडीतली सगळ्यात नवी. त्याने अशी दाद दिली म्हणजे भिकाजीला पुढची दोन वर्षं पुरणार. खरं सांगायचं तर शालिनीलाही बरं वाटलं. पाइप धरलेला हात पदरात लपवून ती हसली.

"चवथीक पयली होडी आमचो प्रवीणबाब न्हेतलो," भिकाजीने जाहीर केलं.

हे काही साधंसुधं बोलणं नव्हतं. दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाची पहिली होडी नेण्याचा मान भिकाजीच्या घराचा, आजोबांच्या वेळेपासूनचा. ती होडी ज्याच्या हातात, तो वाड्याचा माणूस. मग त्याला कोणी सर्वणकार म्हणणार नाही, जाळी सुकवायला जागा मागावी लागणार नाही, आपल्या घरात आपण पाहुणे आहोत असं वाटून ताटावरून लवकर उठावं लागणार नाही. प्रवीणने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता असा आनंद होता. त्या रात्री तो शालिनीला म्हणाला, "चवथीपर्यंत मी ही मोटार तोंडपाठ करतंय बघ."

तिसऱ्या दिवशी मोटार खाडीच्या मध्यावर बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. चौथ्या दिवशीही तेच. भरतीच्या विरुद्ध जरा जोर द्यावा, की आवाज जड होतो, आणि मग खटकन सगळं शांत. धार मात्र शेवटच्या क्षणापर्यंत तशीच, दणदणीत.

प्रवीणने शोध सुरू केला. पाणी जिथून आत शिरतं ती जाळी काढून ब्रशने घासली. पाय उतरवून पंपातला रबराचा पंखा काढला, पाकळ्या धड होत्या तरी म्हापशाहून नवा आणून बसवला. थर्मोस्टॅट काढून आनंदीच्या, म्हणजे सासूच्या, चहाच्या टोपात उकळत्या पाण्यात सोडला. पाणी तापलं तसा तो छान उघडला. बाहेर आला, गार झाला, मिटला. "बघा मामी, बरो आसा," तो म्हणाला. आनंदी म्हणाली, "टोप कोण घासतलो?" पेट्रोलात ऑइल किती मिसळायचं ते त्याने बाटलीवर खूण करून ठरवलं. रोज संध्याकाळी पिंपात गोडं पाणी भरून मोटार त्यात चालवून धुतली. भिकाजीने आयुष्यात कधी इतकं केलं नव्हतं. तो ओट्यावर बसून बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "शिकतासा. टिपरवालो ना तो. धडपडतासा बिचारो."

आणि धार बघून वाडा हसायचा. कारण मोटार वाईट असती तर धार नसती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. धार आहे, म्हणजे मोटार चांगली. मोटार चांगली, आणि तरी बंद पडते, म्हणजे...

"सर्वणकारा," गुरुदास आपल्या होडीतून दोर फेकत म्हणायचा, कारण ओढून आणायचं काम त्याच्याकडेच आलं होतं, "टोप काढून वारो घालतंस काय तिका? पंखो आणून देव?"

एकदा भिकाजी स्वतः दुखरे गुडघे धरून होडीत बसला. दोघांच्या खांद्यांचा आधार घेत उतरून बसला, सगळ्यांच्या देखत. मोटार सुरू केली, सावकाश, अगदी सावकाश खारफुटीपर्यंत नेली, वळवली आणि तशीच परत आणली. एकदाही खोकली नाही. होडी काठाला लावून त्याने दोरी प्रवीणच्या हातात ठेवली. "ह्या बघा प्रवीणबाब. माझ्या हातान तर चलता."

घरी आनंदीच्या वाढण्यातूनही तब्येत कळायची. पुनवेला प्रवीणच्या ताटात चोणक माशाचं डोकं होतं, जावयाचा मान. आठवड्याने मधली तुकडी. मग शेपटी. मग नुसती कढी, आणि 'मासो खंय मेळता आता' हे वाक्य. त्या दिवशी भिकाजीच्या ताटात दोन तुकड्या होत्या.

शालिनी हे सगळं बघत होती. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगते. रोज बाप ओट्यावर बसलेला दिसायचा, गुडघ्यांना तेल चोळत, म्हातारा, एकटा, आणि तिला वाटायचं, अजून दोन दिवस. आणि मग आणखी एक वाईट गोष्ट घडली. काठावर बायका शिणाण्यो, खाडीतल्या शिंपल्या, निवडत बसल्या होत्या, प्रवीणची होडी पुन्हा गुरुदासच्या दोराला बांधून येत होती, आणि गुरुदास लांबूनच ओरडला, "गो शालू, तुझ्या घोवाक ओढून आणलंय! वेसण घालून धाड उद्या!" बायका हसल्या. शालिनीही हसली. हसू बाहेर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की ते आपलं होतं. प्रवीणने ते ऐकलं.  होडी बांधली, मोटार खांद्यावर घेतली, आणि तिच्या शेजारून जाताना थोडा बाजूने गेला, गर्दीत अनोळखी बाईला जागा देतात तसा.

चवथीला चार दिवस होते तेव्हा त्याला ते सापडलं.

मांगरात पिंपात मोटार चालवून, टोप काढून तो बराच वेळ बसला होता. आधी इंजिनाच्या डोक्यावर थुंकून बघितलं, थुंकी चरचरली. मग धारेखाली हात धरला. मग मोठ्याने हाक मारली, "मामा, जरा येतात?"

भिकाजी आला. मागोमाग गुरुदास, कारण तो ओट्यावर चहा पीत होता. शालिनी दारात.

"मामा, इंजिन इतक्या तापता, मगे ह्या पाणी गार कसा? इंजिनातसून फिरून येता तर कोमट तरी लागाक व्हया."

"गार आसा म्हणजे मोटार गार आसा," भिकाजी म्हणाला. "तुमकां काय न्हावूक व्हया गरम पाणी?"

गुरुदास इतका हसला की चहा नाकात गेला. प्रवीण हसला नाही. त्याने बोट ठेवलं, बरोबर तिथेच. "हो पाइप बघा. हो खालसून सरळ वर येता. इंजिनात जायच्या आधीच. माका वाटता हो चुकीचो लागलो हा."

 पिंपात थेंब पडत होते.

"कंपनीन तसोच दिल्लो," भिकाजी म्हणाला. आवाज जराही हलला नाही. "वीस वर्सां चलवली मी. तुमच्या टिपराक दर्या लागता काय?"

"तसा न्हय मामा..."

"मगे इचारा हिका. हिना लहानपणापासून बघितला हा."

प्रवीण वळला. त्याच्या डोळ्यांत तिला दिसलं की त्याला उत्तर ठाऊक आहे आणि तो फक्त तिच्या दुजोऱ्याची वाट बघतोय. ती 'नाही' म्हणाली असती तर त्याने पाच मिनिटांत पाइप काढला असता, आत जमलेलं मीठ बघितलं असतं, ते काढायला दोन दिवस घेतले असते आणि चवथीला होडी नेली असती. "शालू, हो पाइप आधीपासून असोच होतो?"

बाप तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीतून खाडीकडे बघत होता, आणि त्याची हनुवटी अगदी थोडी थरथरत होती.

"असोच होतो," शालिनी म्हणाली.

प्रवीणने मान हलवली. टोप परत बसवला, एकेक खटका काळजीने लावला. "मगे माझाच काय तरी चुकता," तो म्हणाला, आणि हे त्याने कोणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, उत्तरपूजा झाल्यावर, शालिनीने बापाला स्वयंपाकघराच्या मागे गाठलं. "बाबा, आज जोर लागतलो. ओहोटी आसा, होडीत माणसां आसत. आज तरी तो पाइप बदला. नाय तर गुरुदासाक सांगा पयली होडी न्हेवूक."

"मान गुरुदासाक दितलंय?"

"मगे मी सांगतंय त्येंका."

"सांग," भिकाजी म्हणाला. "आत्ताच जा, आरती चलली हा, सगळे आसत. बापाचा नाक काप आणि गणपतीच्या ताटात ठेव."

ती गेली नाही. होडीत चढताना प्रवीणच्या हाताला तिने फक्त हात लावला. "सावकास चलवा हां."

तिला वाटलं, एवढं पुरे होईल.

पहिल्या होडीत पाच गणपती, घुमट वाजवणारे दोघे आणि टाळ घेतलेली चार माणसं. मागून गुरुदासच्या होडीत बाकीचे. प्रवीणने नवा पांढरा सदरा घातला होता. काठावर भिकाजी खुर्ची टाकून बसलेला, शेजारी आनंदी, मागे सगळा वाडा. होडी निघाली, धार सुटली, गणपतीच्या नावाचा गजर झाला. खाडीच्या मधोमध नेऊन तीन फेरे घालायचे आणि गणपतींना पाण्यात पोचवायचं, अशी रीत. पण ओहोटीने पाणी दर्याकडे ओढत होतं, होडी जागेवरच राहायला लागली, आणि मागून गुरुदासची नवी मोटार गुरगुरत शेजारी आली. तीही पुढे जाणार असं दिसायला लागलं.

"ओढ रे सर्वणकारा!" काठावरून कोणीतरी ओरडलं. "मान सोडतंस काय?"

मग सगळेच ओरडायला लागले. शालिनीने बापाकडे बघितलं. त्याने हात वर करून एकदा 'सावकास' म्हटलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं. तो धारेकडे बघत होता. धार खरंच सुंदर होती, कललेल्या उन्हात चांदीच्या तारेसारखी, आणि त्याच्या तोंडावर तिला अभिमान दिसला, खराखुरा.

प्रवीणने जोर दिला. मोटार ओरडली, होडीचं नाक वर आलं, ती गुरुदासच्या पुढे गेली. एक फेरा झाला. अर्धा झाला. मग असा आवाज आला की काठावरच्यांच्यासुद्धा दाढा शिवशिवल्या, लोखंडाने लोखंडाला चावल्यासारखा, आणि नंतर काहीच नाही. घुमट थांबलं. होडी आडवी झाली आणि पाच गणपतींसकट दर्याकडे वाहायला लागली.

प्रवीण दोरी ओढत राहिला. दोरी हलतसुद्धा नव्हती. मग त्याने गळ्याइतक्या पाण्यात उडी टाकली आणि खांदा लावून होडी कशीबशी खारफुटीकडे ढकलली, गुरुदासचा दोर येईपर्यंत. निघालेला देव परत आणत नाहीत. म्हणून गणपती तिथेच पोचवावे लागले, मांडीएवढ्या चिखलपाण्यात. भिकाजीच्या घरचा गणपती सगळ्यात मोठा. तो बुडाला नाही. सकाळी ओहोटीला सगळ्या वाड्याने बघितलं: चिखलात कमरेपर्यंत उभा, रंग ओघळलेला, एक हात गेलेला, तोंड नेमकं घरांकडे.

त्याच सकाळी मांगरासमोर माणसं जमली. मोटार घोडीवर होती. रात्रभर ती भिकाजीकडेच होती.

"जावयान जाळली," भिकाजी शांतपणे म्हणाला. "माझी वीस वर्सांची मोटार. जाव दे. कोणाक काय बोलूचा नाय माका."

प्रवीण एका बाजूला उभा होता. सोललेल्या तळव्यांवर हळद. तो म्हणाला, "चूक माझी."

तेव्हा शालिनी पुढे झाली. इतके दिवस अडलेलं ते इतकं सहज बाहेर आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "चूक त्यांची नाय. बाबांनी पाइप फिरवलो. इंजिनात पाणी जायतच नव्हता. खालसून सरळ धार काढलेली, लोकांक दाखवूक. मी धरलो होतो पाइप. ह्या हातान."

 मग गुरुदास म्हणाला, "मगे दाखव तर."

तिने टोपाचे खटके काढले, टोप उचलला, आणि बोट दाखवायला हात पुढे केला. हात तसाच राहिला. पाइप इंजिनाच्या डोक्यावरून निघून भोकाला गेला होता, जिथे जायला हवा तिथेच, तिच्या लहानपणी होता तसाच. खालच्या फाट्याच्या जागी पितळेचं बूच घट्ट बसलेलं.

"क्लिप नवी आसा," ती म्हणाली. "बघा. काल रात्री बदलली ती. बघा ना कोणतरी!"

"जावयानच बदलल्यान असतली," भिकाजी म्हणाला. "रोज उघडी, रोज जोडी."

गुरुदासने वर पाण्याच्या वाटेत तार घातली. तारेला पांढरं मीठ लागून आलं, खड्यासारखं. "ह्या बघा. गोड्या पाण्यान कोण धुता काय नाय?"

"तीन आठवड्यात इतक्या मीठ?" शालिनी ओरडली. "अक्कल आसा काय तुमकां? ह्या वीस वर्सांचा मीठ आसा!"

 मागून एक बाई हळू आवाजात, पण ऐकू जाईल अशी, म्हणाली, "घोवासाठी बापाक खोटो पाडता बाय. काय कलयुग." दुसरी म्हणाली, "नाय गो, घोवाची माया. बरी आसा चेडू." आणि दोघींच्या बोलण्यात तिच्याविषयी थोडं कौतुकच होतं. आनंदीने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. भिकाजी लेकीकडे बघत राहिला, रागाने नव्हे. दुखावलेल्या माणसासारखा. कदाचित तोवर त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

दुपारच्या बसने दोघं निघाली. म्हापशाला डिचोलीची बस लागायला वेळ होता. प्रवीणने उंडा पाव आणि भजी आणली, कागद तिच्या मांडीवर ठेवला, आणि तिचा हात हातात घेतला. लग्नानंतर भर स्टँडवर असा हात त्याने कधी घेतला नव्हता.

"माझ्यासाठी असा परत करू नको," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सगळ्या गावासमोर बापाक खोटो पाडलंस. माझ्यासाठी इतक्या कोण करता?"

"अहो, ता खरा होता. मी खरा सांगलंय."

"बरा, बरा. खरा." त्याने तिची बोटं थोपटली.

"देवाशपथ. तुमी इचारलात तेव्हा मी खोटा बोललंय. मांगरात. तेव्हा."

तो हसला, मायेने, आजारी माणसाच्या बडबडीला हसतात तसा. "तेव्हा तू खोटा कित्याक बोलतलंस, शालू? तेव्हा बोलूक काय कारण होता? खा. गार जातत भजी."

कारण होतं. पण ते सांगायचं तर बापाची हनुवटी सांगावी लागली असती, काठावरचं हसूही सांगावं लागलं असतं, आणि प्रवीण तिच्याकडे आता जसा बघत होता तसा नंतर बघितला नसता. भजी तिखट होती. तिने खाल्ली.

सर्वणला त्यांनी भाजी लावली. मार्गशीर्षात नाल्यावरचा पंप एका सकाळी पाणी ओढेना. नुसता घरघरत राहिला. वाफे सुकायला लागले. पंपाला काय झालं असेल ते पाच मिनिटांत कळण्यासारखं होतं: नळीच्या तोंडची जाळी, नाही तर आत हवा धरलेली. टिपरच्या दिवसांत प्रवीणने असे पंप रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या लावून दिले होते, कोणाचेही.

तो बांधावर उभा राहिला आणि पलीकडच्या शेतातल्या कृष्णनाथला हाक मारली.

"अरे, तू बघ की," कृष्णनाथ येता येता म्हणाला. "इंजिनां खोलणारो माणूस तू!"

"नको रे बाबा. माझो हात लागलो की मशीन मरता. माका कळला ता." प्रवीण दोन पावलं मागे सरला, हात पाठीमागे बांधून. मग शालिनीकडे मान वळवून म्हणाला, अभिमानाने, दोघं परत आल्यापासून तो सगळ्यांना जसं सांगत होता तसंच, "हिका इचार. हिना माका वाचवूक किती लोकांसमोर खोटा सांगल्यान."

कृष्णनाथने शालिनीकडे आदराने बघितलं. मग वाकून नळी वर काढली, जाळीवरचा पाला हाताने पुसला, बालदीभर पाणी पंपात ओतलं. पंप खोकला आणि पाणी पहिल्या वाफ्यात पडलं. प्रवीण तिथूनच, दोन पावलं लांबून, बघत होता. शालिनी खाली बसून मिरच्यांच्या रोपांची माती सारखी करायला लागली.